पाण्याला पाणीच थोपवतं

मार्च सरत आला की बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या माळांवर बोअरच्या गाड्या दिसू लागतात. पाणाड्यानं दाखवलेल्या जागी खुंटी ठोकलेली असते. पहिले तीस-चाळीस फूट माती आणि मुरूम लागतो, तेवढ्याच भागात केसिंग पाइप बसतो आणि मग काळा पाषाण सुरू होतो. दोनशे फुटांवर काही नाही. तीनशेवर थोडी ओल. चारशेवर पुन्हा कोरडा धुरळा. आता थांबायचं, की अजून शंभर फूट जायचं? खोलीबरोबर फुटाचा दर चढत जातो, तरी बहुतेक जण "अजून शंभर" असंच म्हणतात. त्यांना दोष देता येत नाही. पाच-सहा वर्षं जपलेली मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळू देणं कुणाला जमेल?

"अजून शंभर" या उत्तरामागं एक समजूत आहे. जमिनीत जितकं खाली जावं तितकं पाणी हमखास, असं आपण धरून चाललेलो असतो. ही समजूत सर्वांत कठोरपणे तपासली जाते ती समुद्राच्या काठावर. बीडपासून जवळचा समुद्रकिनारा अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंचावर आहे. इथल्या विहिरीत समुद्राचं पाणी कधी शिरणार नाही. तरीही किनाऱ्यावरच्या विहिरी खाऱ्या कशा होतात हे बीडच्या शेतकऱ्यानं समजून घ्यावं, असं मला फार मनापासून वाटतं. जमिनीतल्या पाण्याचा जो नियम दगडाआड लपून राहतो, तो तिथं जिभेला कळतो.

सुरुवात मालवणपासून करू. तिथल्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पाहायला येणारा प्रत्येक जण पाणी चाखतो आणि चकित होतो. मात्र यात चमत्कार नाही. बेटावर पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला काही भाग खडकाच्या भेगांत आणि मातीत मुरतो. खालून, बाजूंनी खारं पाणी असतंच. गोडं पाणी त्याच्यापेक्षा हलकं असल्यामुळं ते वर राहतं, आणि त्याचा साठा पुरेसा असेल तर खाऱ्याला खाली आणि बाहेर ढकलून धरतं. बेटावर पडणारा पाऊस हाच या विहिरींचा धनी. ज्यांनी त्या खोदल्या त्यांना हे अनुभवानं ठाऊक असणार, कारण अशा जागी विहीर कुठवर न्यायची हे चुकलं की सगळंच चुकतं.

अनुभवाच्या या गोष्टीला गणित मिळालं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. विलेम बादोन खायबेन या डच लष्करी अभियंत्यानं १८८० च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याच्यापासून स्वतंत्रपणे आलेक्झांडर हेर्त्सबेर्ग या जर्मन अभियंत्यानं १९०१ मध्ये, उत्तर समुद्राच्या काठावरच्या पाण्याचा अभ्यास करून एकच नियम मांडला. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन सुमारे एक किलो, तर समुद्राच्या पाण्याचं एक किलो पंचवीस ग्रॅम. म्हणजे गोड्या पाण्याचा ४१ मीटर उंचीचा स्तंभ आणि खाऱ्या पाण्याचा ४० मीटरचा स्तंभ यांचं वजन सारखंच भरतं. म्हणून किनाऱ्याजवळच्या विहिरीतली पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर त्या जागी गोडं पाणी समुद्रसपाटीच्या खाली सुमारे ४० मीटरांपर्यंत असू शकतं. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या खड्याचं जसं टोक तेवढं वर दिसतं, तसंच हे आहे. वर दिसणारा तो एक मीटर खालच्या चाळीस मीटरांना तोलून धरत असतो.

आता उपसा वाढवा. पातळी एक मीटरनं उतरली म्हणजे एक मीटर पाणी कमी झालं, असं आपल्याला वाटतं. नियम म्हणतो, खालून खाऱ्या पाण्याची सीमा चाळीस मीटर वर सरकण्याची वाट मोकळी झाली. ती एका रात्रीत सरकत नाही, आणि प्रत्यक्षात तिथं कापल्यासारखी रेषही नसते. गोडं आणि खारं मिसळलेला मचूळ पट्टा असतो. पण दिशा ठरून जाते. बोअरच्या बुडाशी पंप जोरात चालला की नेमक्या त्याच्याखाली खारं पाणी शंकूच्या आकारात वर ओढलं जातं. अशा वेळी कुणी "अजून शंभर फूट" म्हणून खाली गेला, तर तो सरळ मिठाकडे जातो.

मीठ किती आलं म्हणजे पाणी बिघडलं? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं क्लोराइडच सुमारे १९ ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे शंभर घागरी गोड्या पाण्यात दोन घागरी समुद्र मिसळला, की क्लोराइड सुमारे ३७० मिलिग्रॅमनं वाढतं आणि इष्ट मर्यादा ओलांडली जाते. पाच घागरींत चालवून घेण्याची हद्दही जवळ येते. असं पाणी आधी स्वयंपाकघरात ओळखू येतं. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, चहाची चव बदलते. शेतात पानांच्या कडा करपतात आणि सोडियममुळं माती घट्ट बसत जाते. एकदा खारावलेला थर पावसाच्या पाण्यानं धुऊन निघायला काही दशकंही लागू शकतात.

महाराष्ट्रात ही गोष्ट वसईइतकी स्पष्ट क्वचितच कुठं दिसेल. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे वैतरणेची, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मध्ये केळी, पानवेली, फुलं, भाजीपाला यांच्या वाड्या. वसईची सुकेळी याच मातीतली. इथल्या वाड्यांजवळ बावखलं असत. बावखल म्हणजे घराजवळचं, वाडीजवळचं गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठे, त्याच्यावरून रहाटानं वाडी शिंपली जाई, आणि पाणी हळूहळू भोवतालच्या जमिनीत मुरत राही. समुद्राच्या इतक्या जवळ विहिरी गोड राहिल्या त्यात या बावखलांचा मोठा वाटा होता. वरून दिसायला ते डबकं, पण जमिनीखाली तो खाऱ्या पाण्याला लावलेला रेटा होता.

पुढं मुंबई पसरत वसईपर्यंत आली. बांधकामाला आणि नव्या वसाहतींना पाणी हवं होतं, आणि हिरव्या पट्ट्यातल्या विहिरींमधून टँकर भरून ते जाऊ लागलं. जागेला भाव आला तशी बावखलंही बुजत गेली. उपसा वाढला आणि भरणा घटला, दोन्ही एकदम. किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. या टँकरांविरुद्ध आणि बेसुमार बांधकामाविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीनं जे आंदोलन उभं केलं, त्याचं नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडं होतं. २०२० च्या जानेवारीत हेच दिब्रिटो बीडशेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. विहिरींसाठी लढलेला किनाऱ्यावरचा माणूस मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यात मराठीचा अध्यक्ष म्हणून आला, हे मला त्या संमेलनातलं फार अर्थपूर्ण वाटतं.

वसईचं दुखणं एकट्या वसईचं नाही. गुजरातेत चोरवाडपासून उन्यापर्यंतचा किनारा हिरवळीमुळं 'लीली नाघेर' म्हणून ओळखला जाई. मोटा जाऊन इंजिनं आणि विजेचे पंप आले, आणि समुद्राचं पाणी काही किलोमीटर आत शिरलं. गुजरात सरकारनं १९७६ मध्ये त्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमली, आणि नंतर नद्यांच्या मुखांशी भरतीचं पाणी अडवणारे दरवाजे, बंधारे, पुनर्भरण विहिरी अशी कामं झाली. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूर भागात १९६० च्या दशकाच्या अखेरीसच विहिरी खारट झाल्याचं लक्षात आलं होतं. तिथं समुद्र वर्षानुवर्षं आत सरकत राहिला.

रायगडमधल्या पेण-अलिबागच्या खारेपाटात समुद्र वेगळ्या वाटेनं येतो. तिथं भरती शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालतात आणि आतलं पाणी सोडायला उघाड्या ठेवतात. बांध फुटला की भातशेती खारी. तो धोका डोळ्यांना दिसतो, गाव कुदळ-फावडी घेऊन धावतं. जमिनीखालच्या बांधाला मात्र भगदाड पडलं तरी कुणाला कळत नाही. तो बांध म्हणजे गोड्या पाण्याची पातळी.

खाऱ्या पाण्यासाठी दर वेळी समुद्र लागतोच असंही नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा समुद्रापासून कोसो दूर आहे. नदीच्या गाळाच्या जाड थरात तिथं क्षारयुक्त पाणी साठून आहे आणि शेकडो गावांना पिण्याचं पाणी बाहेरून आणावं लागतं. तिथला शेतकरी विहिरीवर विसंबत नाही, आभाळावर विसंबतो.

आता बीडचा दगड पाहू. महाराष्ट्राची चार पंचमांशांहून अधिक जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनली आहे. बीड पूर्णपणे त्यातच येतं. एका थरावर दुसरा थर, मध्ये कुठं लाल गेरूसारखी पट्टी. थराचा वरचा भाग सच्छिद्र असतो, विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग अखंड काळा. पाणी असतं ते कुजलेल्या मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांमध्ये. वसईच्या वाळूत पाण्याला जागा भरपूर असते, इथं ती फारच कमी. भेगाळलेल्या बेसाल्टमधून आपल्या हाती येणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के.

दोन टक्के धरून हिशेब करू. एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटरनं उतरली, तर हाती आलं २०० घनमीटर पाणी, म्हणजे वीस हजार लिटरचे दहा टँकर. एक हेक्टर उसाला वर्षभरात पाटपाण्यानं सुमारे २०,००० घनमीटर लागतं. बीडला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला पिकाला लागू पडणारा भाग सढळ हातानं वजा केला, तरी १५,००० घनमीटर जमिनीतून काढावं लागतं. ते म्हणजे ७५ हेक्टर जमिनीखालच्या खडकातलं एक मीटर पाणी. एका हेक्टर उसासाठी पंच्याहत्तर हेक्टरांची पातळी एक मीटर खाली! पावसाळ्यात ती भरून येईल, पण पाऊस आला तर. ऊस ज्याचा तो त्याच्या मालकीचा, खालचं पाणी मात्र बांधाला बांध लागून असलेल्या सगळ्यांचं.

आणि इथंच किनाऱ्यात आणि बीडमध्ये मोठा फरक पडतो. किनाऱ्यावर रिकामी झालेली जागा समुद्र भरतो. तो वाईट पाहुणा आहे, पण येताना खारट चवीनं वर्दी देतो. बीडमध्ये रिकाम्या भेगेत हवा शिरते. हवेला चव नसते. पाणी शेवटच्या दिवसापर्यंत गोडच लागतं आणि एका सकाळी पंप नुसतीच हवा ओढतो. त्यामुळं आपण इथं नशिबाला बोल लावतो, पाणाड्याला लावतो, शेजाऱ्याच्या बोअरला लावतो. शेजाऱ्याच्या बोअरबद्दलचा राग पुष्कळदा खरा असतो, कारण केसिंग फक्त वरच्या मुरमापुरतं असल्यामुळं खोल बोअर वरच्या भेगांतलं पाणी आपल्यातून खालच्या भेगांत उतरवतं. चाळीस फुटांवरची जुनी विहीर आटते आणि तिचं पाणी चारशे फुटांवर कुणीतरी जास्त वीज खर्चून वर काढतो. पाणी नव्यानं सापडलेलं नसतं. ते फक्त खाली ढकललं गेलेलं असतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. देशभर त्या गाडीची छायाचित्रं झळकली. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे, आणि ते कोरडं पडलं होतं. मांजरा नदीचा उगमही बीडमध्येच, पाटोद्याच्या डोंगरात. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर जातात, त्याच जिल्ह्यात भूजलावर ऊस वाढवणं हा पाण्याच्या दृष्टीनं चुकीचा निर्णय आहे, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे. खात्रीचा भाव उसालाच मिळतो म्हणून शेतकरी तो घेतो, हेही तितकंच खरं. ज्वारी, हरभरा, तूर यांना तशी खात्री असती तर बांधावरचा निर्णय वेगळा झाला असता.

याच जिल्ह्यात एक वेगळा धडा साडेचारशे वर्षं उभा आहे. बीड शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना बावडी आहे. निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास सलाबतखानानं ती बांधवली. ती भुयारी पाटांना जोडलेली आहे, आणि त्यांतून पाणी उतारानं वाहत जाऊन शेती भिजवत असे. ना मोट, ना पंप. बांधणाऱ्यांनी पाण्यासाठी खोल जाण्याऐवजी आडवी वाट धरली. डोंगराकडून येणारं उथळ पाणी गोळा केलं आणि जेवढं येतं तेवढंच बाहेर जाईल अशी रचना केली. उथळ पाणी दर पावसाळ्यात भरतं. खोल भेगेतलं पाणी भरायला किती काळ लागतो ते भेगेच्या वाटांवर अवलंबून असतं, आणि त्या वाटा कुणी पाहिलेल्या नसतात.

बीडला समुद्र नाही असं मी वर म्हटलं, पण बीडच्या पाण्याला आहे. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला, मांजराही पुढं गोदावरीलाच. बालाघाटावर पडलेला थेंब बंगालच्या उपसागराकडं निघतो. तिथं आंध्रात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात जमिनीखाली बऱ्याच ठिकाणी खारं पाणी आहे, काही आजच्या समुद्राचं, काही प्राचीन समुद्रानं मागं ठेवलेलं. त्याच्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर टिकतो तो पाऊस आणि कालव्यांमुळं. १८५२ मध्ये ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटनच्या देखरेखीखाली धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण झाला, आणि त्याच्या कालव्यांतून भातखाचरांत पसरणारं नदीचं पाणी झिरपून हा थर भरत आलं आहे. कोळंबीच्या तळ्यांसाठी खारं पाणी आत आणलं गेलं, तिथं शेजारच्या विहिरी बिघडल्या. नदी वरच्या अंगाला जितकी अडते तितका खालचा हा रेटा कमी होतो. पैठणच्या नाथसागराची, माजलगाव धरणाची गरज मी नाकारत नाही. गोदावरीचं पाणी समुद्रात "वाया" जातं, एवढं मात्र आपण म्हणू नये. ते तिथं खाऱ्या पाण्याला थोपवत असतं.

किनाऱ्यांवर उपाय म्हणून जे जे झालं, ते सगळं भरण्याकडंच वळलं. अ‍ॅमस्टरडॅम शहर १८५३ पासून समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांतलं गोडं पाणी पितं. उपशानं खारं पाणी वर येऊ लागलं, तेव्हा १९५७ पासून ऱ्हाइन नदीचं पाणी आणून त्या टेकड्यांत मुरवायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीनं १९७० च्या दशकात शहराचं सांडपाणी शुद्ध करून किनाऱ्यालगतच्या विहिरींतून जमिनीत सोडलं आणि समुद्रापुढं गोड्या पाण्याची भिंत उभी केली. श्रीमंत देशांना परवडणारं हे काम आहे, आणि त्यांनाही ते बिघाड झाल्यावर सुचलं.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला. त्यानुसार शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरांपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर खोदता येत नाही. माळावर मार्चमध्ये काय चालतं ते आपण सुरुवातीला पाहिलं. कागदावरचा नियम आणि वाळणारी बाग यांच्यात शेतकरी बाग निवडतो. म्हणून पाणी कुठं आणि किती वापरायचं हा निर्णय मार्चवर ढकलून चालत नाही, तो ऑक्टोबरातच घ्यावा लागतो.

आष्टीला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजारात तो तसा घेतला गेला. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावानं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि ऊस लावायचा नाही असं ग्रामसभेत ठरवलं, आणि बोअर पिण्याच्या पाण्यापुरतं ठेवलं. दरवर्षी पावसाळा संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. पण आपल्या शिवारातल्या विहिरी आपल्यालाच मोजाव्या लागतात, आणि त्याला पैसा लागत नाही. गावातल्या चार-पाच विहिरी निवडायच्या, कठड्यावर रंगाची खूण करायची, पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी खुणेपासून टेप सोडायचा, आणि तारीख, पातळी, तोवरचा पाऊस वहीत लिहायचा. मे अखेर एकदा, ऑक्टोबरात एकदा. ऑक्टोबरातली पातळी मागच्या वर्षांपेक्षा दोन मीटर खाली असेल, तर त्या रब्बीत गव्हाचं क्षेत्र कमी आणि ज्वारी-हरभऱ्याचं जास्त. नवीन ऊस नाही. फळबागेला आच्छादन आणि ठिबक आधी, आणि उरलेलं पाणी जनावरांना आणि घरांना जूनपर्यंत पुरतं का, याचा हिशेब त्याच बैठकीत.